आकाशातील एक अपुरे वाक्य

मुंबईहून निघून दिल्ली आणि बैरूत येथील मुक्काम आटोपून लंडनकडे जाणारे एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग 707 विमान 1966 सालच्या 24 जानेवारीस सकाळी जिनिव्हास उतरण्याच्या बेतात असताना आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ या शिखराच्या माथ्याजवळ आदळले. विमानातील 117 माणसांपैकी एकही वाचले नाही. अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा त्यांत होते. व्हिएन्ना येथील एका बैठकीस ते निघाले होते. ताश्कंद येथे लालबहादूर शास्त्री निवर्तले, त्याला पंधरवडाही लोटला नव्हता. दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी झाला तोही याच दिवशी. अशा घटकेच्या अपघाताभोवती घातपाताच्या वदंता उठल्या नसत्या तरच नवल! फ्रान्समधील चौकशीने काढलेला निष्कर्ष मात्र या वदंतांहून पुष्कळ साधा आहे, आणि म्हणूनच तो मनाला अधिक अस्वस्थ करतो.

हा निष्कर्ष समजण्यासाठी विमानाला आपला ठावठिकाणा कसा कळत असे, ते थोडे पाहिले पाहिजे. जमिनीवरील रेडिओ केंद्रे विमानाला दिशा दाखविणारे संकेत सोडतात. एका केंद्राचा संकेत मिळाला की विमान कोणत्या रेषेवर आहे ते कळते. त्या रेषेवर नेमके कोठे आहे, हे दुसऱ्या केंद्राची रेषा तिला छेदते तेव्हा उमगते. कांचनजंगावर असे संकेत घेणारी दोन यंत्रे होती. पैकी एक निकामी झाले होते आणि बैरूत सोडतानाच हे मुख्य वैमानिकास ठाऊक होते. तेव्हा डोंगर किती मागे पडला, याचा हिशेब त्याला अदमासानेच करावा लागत होता.

जिनिव्हाच्या नियंत्रकासमोर रडारचा पडदा होता. त्याने विमानास 19,000 फुटांच्या पातळीवर राहण्यास सांगितले. ढगांच्या वर हजार फूट राहून, समोरचे स्पष्ट दिसत असेल तरच खाली यावे, अशी मुभाही दिली. माँ ब्लाँची उंची 4,807 मीटर, म्हणजे पावणेसोळा हजार फुटांच्या आसपास. दिलेल्या पातळीवर विमान राहते, तर शिखरावरून तीन हजार फुटांच्या अंतराने ते सुखरूप निघून जाते. वैमानिकाने आदेश मान्य केला आणि माँ ब्लाँ आता आपल्या बगलेस असल्याचे कळविले.

नियंत्रकाच्या पडद्यावर चित्र निराळे होते. विमान शिखरापर्यंत अजून पोचलेच नव्हते. त्याने ही चूक ओळखली आणि तत्परतेने कळविले: माँ ब्लाँपर्यंत तुम्हांला पाच मैल आहेत. वैमानिकाने उत्तर दिले, "रॉजर." आणि तो विमान खाली उतरवू लागला.

नियंत्रकाच्या वाक्यात असत्य काहीच नव्हते. उणीव होती ती एवढीच, की ते पाच मैल समोरचे की बाजूचे, हे त्यात उच्चारलेले नव्हते. शिखर बगलेस आहे अशी ज्याची ठाम समजूत झालेली आहे, त्याला हेच वाक्य आपल्या समजुतीची पुष्टी वाटू शकते. 'तुम्ही शिखर ओलांडलेले नाही, खाली येऊ नका' एवढे शब्द पुरले असते. नियंत्रकाला वाटले, आपण चूक सुधारली. वैमानिकाला वाटले, आपण डोंगरधार ओलांडली. शब्दयोजना पुरेशी नेमकी नसल्यामुळे सुधारणेचा अर्थ चुकीचा घेतला गेला, असाच चौकशीचा निष्कर्ष आहे. दोष कोणा एकाच्या माथी मारणे, निदान या प्रकरणी, न्यायाचे होणार नाही.

'रॉजर' हा शब्दही येथे निर्दोष नाही. 'मिळाले' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आर. जुन्या संदेशलिपीत त्या अक्षरासाठी रॉजर हे नाव होते. म्हणजे संदेश पोचला, एवढाच त्याचा अर्थ. तो समजला की नाही, याची ग्वाही त्या शब्दात नाही. आपल्याकडील कचेऱ्यांत कागदावर 'पाहिले' असा शेरा पडतो, त्यातलाच हा प्रकार!

महाराष्ट्राच्या भूमीवरही याच्याशी नाते सांगणारा अपघात झालेला आहे. 1962 च्या 7 जुलैस मध्यरात्रीनंतर मुंबईस उतरू पाहणारे अलितालिया कंपनीचे विमान जुन्नरच्या डोंगरात आदळले आणि 94 माणसे मृत्युमुखी पडली. मुंबई आपण समजतो तितकी जवळ नाही, हे त्या वैमानिकास उमगले नव्हते. तेथे मूळ चूक मार्गाच्या हिशेबाची होती, संभाषणाची नव्हे. परंतु माणूस आपल्या मनातील नकाशावर किती निःशंकपणे विसंबतो, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

पुढे 1977 साली तेनेरिफ बेटावर दोन प्रचंड विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन 583 माणसे दगावली, तेव्हा या संभाषणाची शब्दावली अधिक काटेकोर करण्यात आली. महत्त्वाचा आदेश नुसता मान्य न करता तो पुन्हा उच्चारून दाखविण्यावर भर आला. तरीही 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीस उतरण्यासाठी येणारे कझाकस्तानचे विमान दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानावर आदळले आणि दोन्ही विमानांतील सर्व 349 माणसे गेली. कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहण्याचा आदेश होता. ते त्याखाली आले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत याच उतरण्याला मूळ कारण ठरविण्यात आले, आणि त्या चमूचे इंग्रजीचे अपुरे ज्ञानही नोंदले गेले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिक व नियंत्रक यांना इंग्रजी संभाषणाची ठराविक पात्रता असलीच पाहिजे, हा नियम जगभर लागू होण्यास 2008 साल उजाडले.

माँ ब्लाँच्या उतारावरील बोसाँ ही हिमनदी कांचनजंगाचे अवशेष अजूनही खाली आणून सोडते. 2012 साली तिच्यातून भारत सरकारच्या टपालाची एक थैली निघाली. 2020 च्या उन्हाळ्यात काही भारतीय वृत्तपत्रे सापडली. इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी त्यांवर अजून वाचता येत होती.