भीमथडीचा चाबुकस्वार आणि केसि सुत्त

बुद्धवंदनेत भगवंतांना ‘पुरिसदम्मसारथि’ म्हटले आहे. दमनास योग्य अशा माणसांचा सारथी, असा त्याचा अर्थ. हा शब्द आपण नित्य उच्चारतो. पण ज्या व्यवसायातून तो आला, त्याकडे आपले लक्ष जात नाही. शिरूर-दौंडच्या वाचकाने तरी ते द्यावयास हवे, कारण त्याची भूमी घोड्यांची आहे.

दौंड-बारामतीचा भाग जुन्या भीमथडी तालुक्यात मोडे. अरबी व तुर्की घोड्यांचा स्थानिक तट्टांशी संकर होऊन सतराव्या-अठराव्या शतकांत भीमेकाठची जात घडली आणि मराठी फौजांच्या कामी आली. शिरूर तालुक्यातील आलेगाव पागा या गावाने घोड्यांची पागा आपल्या नावातच जपली आहे. 2023 साली राज्यगीत ठरलेल्या गीतातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. गौरव झाला तो तट्टांचा व त्यांवरील स्वारांचा. त्यांना शिकविणारा चाबुकस्वार मात्र जमिनीवरच राहिला.

त्याची विद्याही जमिनीवरचीच. कोवळ्या घोड्यावर एकदम बसले तर तो बिथरतो. म्हणून आधी तोंडातील लोखंडाची सवय करावयाची. मग पाठीवरून व पोटाखालून पट्टा आवळून, त्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांतून लगामाचे लांब दोर मागे घ्यावयाचे. शिकविणारा लाथेच्या टप्प्याबाहेर राहून मागून चालतो. डावा दोर किंचित आवळला की घोडा डावीकडे वळतो. वळताच दोर सैल सोडावयाचा. घोडा शिकतो तो या सैल सोडण्यातून. दोर सतत ताणून धरणाऱ्याच्या हाती अखेर बधिर तोंडाचे जनावर येते. टांग्याचा घोडाही गाडीस जुंपण्यापूर्वी असाच रिकामा हाकून तयार करतात. घोड्यास दोरावर वर्तुळात फिरविण्यास ‘कावा देणे’ म्हणत. काव्याचा कपट हा अर्थ आपणास ठाऊक आहे. हा दुसरा अर्थ मात्र आपण विसरलो.

मज्झिमनिकायातील भद्दालि सुत्तात हाच क्रम येतो. जातिवंत शिंगराला प्रथम मुखातील लगामाची सवय करतात. तेव्हा ते धडपडते, कारण तसे त्याने पूर्वी कधी अनुभवलेले नसते. सततच्या आणि क्रमाक्रमाने दिलेल्या सरावाने ते शांत होते. मग जू, आणि पुढील टप्प्यांत मंडल, म्हणजे आपला कावाच. हा दृष्टान्त भगवंतांनी दिला तो नियम पाळण्यास नकार देणाऱ्या भिक्खूला.

अंगुत्तरनिकायातील केसि तर स्वतःच घोडे शिकविणारा. आपण सौम्यतेने, कठोरतेने आणि दोन्ही प्रकारे शिकवितो, असे तो सांगतो. तरीही जो शिकत नाही त्याला ठार करतो, कारण आपल्या आचार्यकुळाची अपकीर्ती होऊ नये. भगवंत आपलीही पद्धत तशीच सांगतात, शेवटच्या शब्दासह. केसि चकित होतो: तथागतांना तर प्राणिहत्या वर्ज्य! उत्तर मिळते की, जो कोणत्याच मार्गाने शिकत नाही त्याला उपदेश करणे तथागत सोडून देतात. धम्मात हाच वध. आमच्या मते या सुत्ताचा सर्व भार येथे आहे. कुळाच्या कीर्तीसाठी जीव घेण्याची रीत भगवंतांनी शब्दाचा अर्थ पालटून निकालात काढली. केसि उपासक झाला.

भीमथडीत मात्र घोड्यामागे चालणारे आणखीही कोणी होते. गावी आलेल्या अंमलदाराचा घोडा सांभाळणे, त्यासाठी गवताचा भारा आणणे, ही कामे महाराच्या वतनात येत. चाबुकस्वार हा आपल्या कसबावर पोट भरणारा जाणकार. वतनाने महाराच्या हाती दिली ती विद्या नव्हे, वेठ. ज्या घोड्याला त्याने चारा घातला, त्यावर आपल्या वरातीत बसण्याची त्याला मुभा नव्हती. बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक 19 मार्च 1928 रोजी मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे ते मागे घ्यावे लागले. ही वतने कायद्याने गेली ती 1958 च्या अधिनियमाने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.