शयनगृहातला मासा आणि १८२२ सालचा ग्रंथ

शयनगृहातील टाकीसाठी मासे निवडायचे असतील, तर दुकानात जाण्याआधी १८२२ साली एडिंबरा येथे छापलेल्या एका ग्रंथाची ओळख करून घ्यावी. गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांचे वर्णन हा त्याचा विषय. लेखक फ्रान्सिस हॅमिल्टन. हिंदुस्थानात असताना त्यांचे आडनाव बुकॅनन होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील या स्कॉटिश शल्यवैद्याने १८०७ ते १८१४ या काळात बंगाल आणि बिहारचे सर्वेक्षण केले. पिके, माग, देवळे, रोगराई यांच्या नोंदी घेता घेता त्यांनी नदीनाल्यांतील मासेही पाहिले. ग्रंथात अडीचशेहून अधिक जातींचे वर्णन आहे आणि ३९ चित्रफलक आहेत. मासे मात्र त्यांनी जपून ठेवले नाहीत, त्यामुळे पुढच्या अभ्यासकांना शब्द आणि चित्रे यांवरच भागवावे लागले.

या ग्रंथाचा गुरुग्रामच्या काचेच्या टाकीशी संबंध काय? तेथील कोणत्याही दुकानात झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब आणि ड्वार्फ गुरामी सहज मिळतात. नावे ऐकून ग्राहक त्यांना परदेशी समजतो. हे तिन्ही मासे हॅमिल्टन यांच्या ग्रंथातले आहेत. झेब्रा डॅनिओचे वर्णन त्यांनी कोसी नदीतील माशांवरून केले. ‘डॅनिओ’ हा शब्दसुद्धा बंगालीतील ‘धानी’वरून आलेला. रोझी बार्बचे शास्त्रीय नाव ‘कोन्कोनियस’. त्याचे मूळ ‘कांचन पुंटी’ या बंगाली नावात आहे. लॅटिन वेष काढला की खाली कोळ्यांचीच भाषा सापडते. आपल्याकडे कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील मासे नोंदवताना हेच केले. ‘मळ्या’ मासा त्यांच्यामुळे विज्ञानात ‘मुल्या’ झाला, आणि दख्खनच्या महसीरला ‘खुदरी’ हे नाव कायमचे चिकटले.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे गंगेकाठचे मासे जर्मनीतील हौशी लोकांच्या घरी पोहोचले आणि तेथून जगभर गेले. यापुढची कथा झेब्राफिशची. ओरेगन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांना जनुकशास्त्रासाठी पृष्ठवंशी पण स्वस्त प्राणी हवा होता. त्यांनी निवडलेला हा मासा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळत होता. १९८१ साली त्यांनी झेब्राफिशचे क्लोन केल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. झेब्राफिशची अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात आणि भ्रूण पारदर्शक असतो, त्यामुळे धडधडू लागणारे हृदय सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसते. १९९६ साली ट्यूबिंगेन आणि बॉस्टन येथील उत्परिवर्तनांच्या शोधमोहिमांना ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाने एक संपूर्ण अंक दिला. २०१३ साली जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा मानवाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक जोडीदार असल्याचे दिसले. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने आसाममधील रानटी झेब्राफिशचा जनुकसंचही वाचला आहे. प्रयोगशाळांत पिढ्यान् पिढ्या वाढलेला मासा आणि ओढ्यातला मासा यांत किती अंतर पडले, हा प्रश्न त्यामुळे विचारता येतो.

आता निवडीकडे वळू. गुरुग्रामच्या बसई आणि चंदू बुढेरा येथील जलशुद्धीकरण केंद्रांत पश्चिम यमुना कालव्याचे पाणी येते. म्हणजे नळातून गंगेच्याच खोऱ्यातले पाणी वाहते. अनेक सोसायट्या त्यात बोअरवेलचे जड पाणी मिसळतात. त्याला घाबरून काही जण निव्वळ आरओचे पाणी टाकीत भरतात, ते चूक आहे, कारण त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत. झेब्राफिश आणि रोझी बार्ब मध्यम जड पाण्यात नीट राहतात; नळाच्या पाण्यातील क्लोरीन तेवढे आधी काढावे लागते. थंडीचा मुद्दा अधिक महत्त्वाचा. जानेवारीत गुरुग्रामच्या रात्रीचे तापमान पाच अंशांखाली उतरू शकते आणि बंद खोलीतील पाणीही बरेच गार होते. ॲमेझॉनच्या डिस्कसला सुमारे २८ अंशांचे पाणी लागते, म्हणजे हीटर आणि सततची चिंता आली. कोसीकाठच्या माशाला उत्तरेचा हिवाळा ओळखीचा आहे. अर्थात पाणी हळूहळू गार व्हावे, एका रात्रीत नव्हे.

रोझी बार्ब बोटभराहून मोठा होतो आणि त्याला लांब टाकी लागते. ड्वार्फ गुरामी दिसायला सर्वांत देखणा, पण आग्नेय आशियातील मत्स्यशेतीतून येणाऱ्या या माशांत इरिडोव्हायरसचा संसर्ग आढळतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला न जाणेच बरे. माझी पसंती झेब्राफिशला. दोन फूट लांबीच्या टाकीत आठ-दहा ठेवावेत, एकटादुकटा कधीच नाही, कारण हा थव्याने राहणारा मासा आहे. टाकी भरल्यावर अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात. मासे त्यानंतर आणावेत.

‘देशी मासा घ्या’ असे सरसकट म्हणणेही धोक्याचे आहे. कृष्णेच्या उगमाकडील ओढ्यांत राहणारा पट्टेदार बोटिया स्ट्रायाटा, आणि केरळ-कर्नाटकातील लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब, हे दोन्ही संकटग्रस्त आहेत. डेनिसन बार्बसाठी राजीव राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘सह्याद्रिया’ ही नवी प्रजाती स्थापन केली. त्याच वर्षी राघवन आणि सहकाऱ्यांनी निर्यातीचा हिशेब मांडला: २००५ ते २०१२ या काळात ३० संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातील मासे भारताबाहेर गेले, आणि त्यांत या दोन जातींचा वाटा मोठा होता. झेब्राफिश मत्स्यशेतीत मुबलक पैदा होतो. बोटियाचा पुरवठा मुख्यतः ओढ्यातून पकडूनच होत आला आहे. दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच ‘हा मासा पकडलेला की पैदास केलेला?’ असा असावा.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे तळ्यात सोडणे हा दयाळूपणा नव्हे. १९२८ साली डासांविरुद्ध भारतात आणलेला गॅम्बुसिया आज देशभर पसरला आहे, आणि काचेवरचे शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा ‘सकर’ वाराणसीजवळ गंगेतच सापडला आहे. ज्या नदीतून हॅमिल्टन यांनी आपली यादी केली, तिच्यात आता दक्षिण अमेरिकेचा पाहुणा राहतो. नको झालेला मासा दुकानात परत द्यावा.

शयनगृहाच्या दृष्टीने एक शेवटची गोष्ट. झेब्राफिश दिवसा जागतो आणि रात्री झोपतो. २००१ साली बॉस्टन येथे इरिना झ्दानोवा आणि सहकाऱ्यांनी मेलाटोनिनमुळे या माशात झोपेसारखी अवस्था येते, असे दाखवले; तेव्हापासून निद्रेच्या संशोधनात तो नित्याचा आहे. प्रयोगशाळांत त्याला १४ तास उजेड आणि १० तास अंधार देतात. टाकीचा दिवा रात्री दहाला बंद करून सकाळी आठला लावला, तर घरातही तेच वेळापत्रक साधते. एखादा मासा मध्यरात्री तळाशी शेपूट खाली टाकून निश्चल दिसला, तर टाकीवर टकटक करू नये. तो झोपलेला असतो.