गोल्फ मैदानाचे आरंभीचे होल

गोल्फच्या अठरा होलांच्या फेरीतील पहिल्या तीन-चार होलांना आरंभीचे होल म्हणता येईल. मैदान सोपे की अवघड, आखणीकाराचा कल धाडसाकडे की सावधपणाकडे, याविषयीचे खेळाडूचे मत बहुधा येथेच बनते आणि पुढील होल तो त्याच दृष्टीने पाहतो. वेरूळच्या सोळाव्या लेण्याचे दुमजली प्रवेशद्वार ओलांडेपर्यंत कैलास मंदिराचा आवाका ध्यानात येत नाही. मैदानाचेही पुष्कळदा तसेच असते.

भारतात हा खेळ कोलकात्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये क्लबांच्या रूपाने रुजला.

आखणीचे संकेत

पहिला होल शक्यतो रुंद व सौम्य ठेवतात. खेळाडूचे अंग तेव्हा मोकळे झालेले नसते, आणि पहिल्याच होलवर चेंडू शोधत बसावे लागले तर मागचे सर्व गट खोळंबतात. पार तीनचा होल आरंभी टाळण्याचे कारणही हेच. ग्रीन रिकामे होईपर्यंत पुढच्या गटाला थांबावे लागते. तरीही इंग्लंडमधील रॉयल लिदम अँड सेंट अ‍ॅन्स या नामांकित मैदानाचा आरंभ पार तीननेच होतो. पहाटेच्या खेळात सूर्य डोळ्यांवर येऊ नये म्हणून पहिला होल पूर्वाभिमुख नसावा, असाही संकेत आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथील जुन्या मैदानावर पहिल्या व अठराव्या होलचा फेअरवे एकच आणि अतिशय रुंद आहे. मात्र पहिल्या ग्रीनच्या अगदी पुढ्यातून स्विल्कन नावाचा ओढा वाहतो. निर्धास्त होऊन आलेला खेळाडू तेथे फसतो.

ऑगस्टा येथील अदलाबदल

होल तेच ठेवून केवळ क्रम बदलल्यास काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल हे आहे. बॉबी जोन्स व अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी आखलेल्या या मैदानावर १९३४ ची पहिली स्पर्धा आजच्या दहाव्या होलपासून सुरू झाली. म्हणजे आजचे अकरा, बारा व तेरा हे होल तेव्हा दुसरे, तिसरे व चौथे होते. १९३५ पासून दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल झाली आणि हेच होल निकालाच्या ऐन घडीला येऊ लागले. त्याच वर्षी जीन साराझेनने अखेरच्या फेरीत पार पाचचा पंधरावा होल दोन फटक्यांत पूर्ण करून बरोबरी साधली व नंतरचा निर्णायक सामना जिंकला. जुन्या क्रमाने तो सहावा होल ठरला असता. अकरा ते तेरा या टापूला ‘आमेन कॉर्नर’ हे नाव हर्बर्ट वॉरन विंड या लेखकाने १९५८ मध्ये दिले. फेरीच्या आरंभीच्या होलांना असे नाव क्वचितच मिळाले असते.

अशी अदलाबदल शक्य झाली, कारण दोन्ही अर्धे क्लबगृहापाशी परत येतात. मॅकेन्झीने १९२० च्या आपल्या पुस्तकात अशाच रचनेला पसंती दिली होती. पहिल्या होलची जागा पुष्कळदा क्लबगृहाच्या स्थानावरून ठरत असल्याने, केवळ त्यावरून आखणीकाराचे कौशल्य जोखणे अन्यायाचे होते. शिवाय काही स्पर्धांत सर्व गट निरनिराळ्या होलांवरून एकाच वेळी खेळ सुरू करतात. अशा वेळी प्रत्येक गटाचा ‘पहिला’ होल वेगळा असतो.