मोलगीच्या मुलांची हजेरी कोण घेणार?

३, ४ आणि ५ ऑक्टोबर २०११. या तीन दिवसांत महाराष्ट्रभर शाळकरी मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. मतदानाला लावतात तीच, न पुसणारी. एकच मूल सकाळी या शाळेच्या आणि दुपारी त्या शाळेच्या बाकावर बसवलं जाऊ नये म्हणून. ही ती गाजलेली पटपडताळणी. आधी नांदेडला तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यापुरती मोजणी केली होती. तिथला प्रकार पाहून सरकारने ती राज्यभर केली. निकाल असा की पटावरची सुमारे २० लाख मुलं शाळेत सापडलीच नाहीत, आणि निम्म्याहून जास्त मुलं गायब असलेल्या शाळा चौदाशेच्या आसपास निघाल्या.

पटावर खोटं नाव कशासाठी चढवायचं? कारण प्रत्येक नावामागे पैसा येतो. शिक्षकाचं पद मंजूर होतं, अनुदान मिळतं, पोषण आहाराचा तांदूळ मिळतो, गणवेश आणि पुस्तकं मिळतात. खोट्या मुलाचा आणखी एक फायदा आहे. ते आजारी पडत नाही, भूक लागली म्हणत नाही, आणि त्याचा बाप शाळेत येऊन कुणाची कॉलर धरत नाही. संस्थाचालकाला याहून चांगला विद्यार्थी कुठे मिळणार?

ही गोष्ट आता पुन्हा काढायचं कारण म्हणजे आपल्यातलेच काही तरुण मला विचारतात की सरकारी शाळा सडल्या आहेत, मास्तर येत नाही, मग मुलांच्या हातात सरळ ॲप आणि टॅबलेट का देऊ नये? ऑनलाइन शाळेत जात विचारणारं कुणी नसतं, असंही म्हणतात. प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर मात्र इतिहासात शोधावं लागतं, कारण सरकारने पैसा द्यायचा आणि शाळा खासगी माणसाने चालवायची हा प्रयोग आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुना आहे.

महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यातला एक मुद्दा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, रयतेच्या करातून उच्चवर्णीयांचं उच्चशिक्षण चालवू नका, शेतकरी जातींतून शिक्षक तयार करा, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या काळी अनुदानाची एक पद्धत होती. निरीक्षक शाळेत यायचा, हजर मुलं मोजायचा, परीक्षा घ्यायचा आणि निकालाप्रमाणे पैसे मिळायचे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून हेच सुरू होतं, आणि तिकडचे मास्तर मुलांकडून निरीक्षकापुरतं घोकून घेत. जोतीरावांनी आयोगाला सांगितलं की ज्या वर्गात शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, त्यांच्या गरजेला ही पद्धत लागू पडणार नाही. अशा लोकांत कुणी शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढणार नाही, कारण त्यावर त्याचं पोट भरणार नाही. तिथे सरकारी शाळाच हवी आणि मुलांना खास उत्तेजनही हवं. म्हणजे निकालावर पैसा दिला की शाळा तिथेच निघते जिथे निकाल स्वस्तात मिळतो. सातपुड्यातल्या पाड्यावर तो कधीच स्वस्तात मिळत नाही.

पंचेचाळीस वर्षांनी, १२ मार्च १९२७ ला, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. महाडच्या चवदार तळ्याला आठ दिवस बाकी होते. त्यांनी सभागृहात हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. प्राथमिक शाळेत शिरलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. आर्ट्स कॉलेजांच्या खर्चाचा ३६ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या फीमधून काढला जातो, याला त्यांनी शिक्षणाचं व्यापारीकरण म्हटलं. जितके दिले तितके घेतले, अशा हिशेबाने चालवायचं हे खातं नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. सामाजिक शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ही मांडणी नीट वाचावी. बाबासाहेब किती मुलांनी नाव घातलं यावर थांबत नाहीत. मूल चौथीपर्यंत टिकलं का, हे विचारतात.

आता मोलगीकडे या. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून गेलं की हे बाजाराचं गाव लागतं. भगर, आमचूर, मोहफुलं विकायला डोंगरातले पाडे इथे उतरतात. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, पण जिल्हा जवळ आला म्हणून शाळा जवळ आली असं झालं नाही. नर्मदाकाठच्या मणिबेली, चिमलखेडी, डनेल या गावांची गोष्ट तर प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याला माहीत हवी. सरदार सरोवराविरुद्धच्या लढ्यात हे आदिवासी कागद मागायला शिकले, तेव्हा त्यांना कळलं की सरकारी दप्तरात आपल्या गावात शाळा आहे. शिक्षक नेमलेला आहे, पगारही निघतो आहे. गावात मात्र ना शाळा दिसत होती ना मास्तर. त्यातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा उभ्या राहिल्या. कुडाच्या भिंती आणि गावातलाच शिकलेला पोरगा शिक्षक. मुलं पहिल्यांदा आपल्या बोलीत शिकली. आंदोलनाच्या इतर भूमिकांशी तुमचे मतभेद असतील, माझेही काही आहेत. पण हजेरी घेण्याचा अधिकार गावाने स्वतःकडे घेतला, ही त्यातली मोठी गोष्ट आहे.

या भागात हजेरी ही साधी गोष्टही नाही. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि मुलं सोबत जातात. पटावर नाव मोलगीच्या शाळेत आणि मूल बारडोलीकडच्या फडावर. हे मूल खोटं नाही. खोटं नाव आणि स्थलांतरित मूल यांत फरक करायचा तर त्या पाड्यावरचा माणूस लागतो. बोटाची शाई तो फरक सांगू शकत नाही, आणि संगणकातली लॉगिनची नोंद तर मुळीच नाही.

म्हणून अमेरिकेतल्या ओहायो राज्याची गोष्ट इथे सांगतो. तिथे चार्टर शाळा असतात. चार्टर म्हणजे करारनामा. पैसा जनतेचा, व्यवस्थापन खासगी, आणि पैसा मिळतो डोकी मोजून. असा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. आपली अनुदानित संस्था तिची चुलत बहीण समजा. ओहायोत २००० साली बिल लेगर नावाच्या गृहस्थाने 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो' ही पूर्ण ऑनलाइन चार्टर शाळा काढली. शाळा कागदावर ना-नफा. पण तिचं व्यवस्थापन करणारी कंपनी लेगरची, आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनीही लेगरची. (आपल्याकडचं ट्रस्टचं गणित ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे वाचून हसू येईल. संस्था धर्मादाय, इमारतीचं भाडं मात्र अध्यक्षांच्या घरी.) २०१५-१६ मध्ये या शाळेने १५ हजारांहून जास्त पूर्णवेळ विद्यार्थी दाखवले. राज्याने लॉगिनच्या नोंदी तपासल्या तर साधारण ६,३०० विद्यार्थ्यांचाच अभ्यास सिद्ध होत होता. दोन वर्षांचे मिळून सुमारे ८ कोटी डॉलर परत करा, असा आदेश निघाला.

शाळेने कोर्टात केलेला युक्तिवाद बारकाईने बघा. पैसा नोंदणीवर मिळाला पाहिजे, मूल किती वेळ शिकलं यावर नाही, असं तिचं म्हणणं होतं. आम्ही संधी ठेवली होती, मूल आलं नाही तर आम्ही काय करणार? ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये हे फेटाळलं. पण त्याआधीच, जानेवारी २०१८ मध्ये, वर्ष अर्धं उरलेलं असताना शाळा बंद पडली होती आणि सुमारे १२ हजार मुलं नवी शाळा शोधत होती. जी खरोखर शिकत होती त्यांचं काय झालं? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राने २०१५ मध्ये देशभरातल्या ऑनलाइन चार्टर शाळांचा अभ्यास केला. १८० दिवसांच्या शालेय वर्षात ही मुलं साधारण शाळेतल्या तशाच मुलांपेक्षा वाचनात ७२ दिवसांनी आणि गणितात तब्बल १८० दिवसांनी मागे पडली. गणितापुरतं अख्खं वर्ष गेलं.

ते अमेरिकेत झालं, आपला काय संबंध, असं म्हणू नका. नंदुरबार हा केंद्राच्या ११२ आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. सप्टेंबर २०२१ मध्ये नीती आयोगाने याच जिल्ह्यांतल्या मुलांसाठी 'बायजूज' या कंपनीशी भागीदारी जाहीर केली. सहावी ते बारावीच्या मुलांना मोफत ऑनलाइन साहित्य, आणि निवडक ३ हजार मुलांना जेईई-नीटची तयारी. मोफत देण्यात गुन्हा काहीच नाही. पण पुढचा क्रम पाहा. कंपनीने २०२०-२१ चे हिशेब सुमारे दीड वर्ष उशिरा दाखल केले, त्यात ४,५८८ कोटींचा तोटा निघाला. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीर आरोप केला की कंपनी मुलांचे आणि पालकांचे फोन नंबर विकत घेऊन त्यांच्या मागे लागते. कंपनीने ते नाकारलं. जून २०२३ मध्ये तिच्या लेखापरीक्षकांनी राजीनामा दिला. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट बोर्डाच्या १५८ कोटींच्या थकबाकीवरून तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. बावीस अब्ज डॉलरची म्हणून मिरवलेली कंपनी दोन वर्षांत इथे पोहोचली.

इथे मला पडणारा प्रश्न तोट्याचा नाही. मोलगीच्या बाईला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आला नाही तर कुठे जायचं हे निदान माहीत आहे. केंद्रप्रमुख आहे, गटशिक्षणाधिकारी आहे, पंचायत समितीवर मोर्चा नेता येतो. बंगळुरूच्या कंपनीवर मोर्चा कसा न्यायचा? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती लागते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. विनाअनुदानित शाळेला ती सक्ती नाही, आणि ॲपला तर कुठलीच समिती नाही. त्यात पावरी आणि नोयरी बोलणाऱ्या मुलापुढे जो व्हिडिओ चालतो, त्यात त्याची भाषा नाही आणि त्याचा डोंगरही नाही. फोन घरात एक, तोही बापाबरोबर ऊसतोडीला गेलेला.

जात विचारणारं कुणी नसतं, या मुद्द्याचंही बघू. स्क्रीन जात विचारत नाही हे खरं. पण स्क्रीन कुणाच्या वाट्याला येते आणि माणूस कुणाच्या, हे जातच ठरवते. श्रीमंतांच्या पोरांना चांगली शाळा, चांगले शिक्षक, मैदान, आणि वरून ॲप. आदिवासीच्या पोराला शाळेऐवजी ॲप.

ही भीती हवेतली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या २०१२ च्या कायद्यात दुरुस्ती करून कंपन्यांना शाळा काढायची वाट मोकळी केली. त्याच सुमारास दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं चाललं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा १४ हजारांहून जास्त आणि मुलं पावणेदोन लाखांच्या वर. नमुना म्हणून पुण्यातल्या पानशेतबरोबर दाखवलं आपल्याच जिल्ह्यातलं तोरणमाळ. त्याच महिन्यात शाळा दत्तक योजनेचा निर्णय निघाला. पैसे द्या, पाच किंवा दहा वर्षं शाळेला आपलं नाव जोडा, ग्रामीण भागासाठी दर ५० लाखांपासून. जवळची शाळा बंद झाली की उरलेल्या पाड्याला उद्या काय देऊ केलं जाईल, याचा अंदाज करायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि मास्तर न येणारी सरकारी शाळा मी सोवळी ठरवत नाही. आपल्या चळवळीतले लोकही स्वच्छ नाहीत. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती मुलं घडवायला. नंतर निळा झेंडा लावून वसतिगृहं आणि संस्था मंजूर करून घेणारे, पटावर नावं चढवून अनुदान खाणारे आपल्यातही निघाले. त्यांना समाजाचे नेते म्हणून हार घालायचे आणि अंबानी-अदानींच्या नावाने भाषणं ठोकायची, हे जमणार नाही. पटपडताळणीत सापडलेल्यांवर गुन्हे नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. त्या वेळी किती आंबेडकरी संघटना रस्त्यावर होत्या?

हातात काय आहे ते सांगतो. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यात सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींकडे दिलेला आहे, महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. शाळा ही सामाजिक क्षेत्रातली संस्था आहे. मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाड्यावरच्या शाळेचा पट मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. प्रत्येक नावावर गाव सांगेल, हे पोर इथे आहे, हे ऊसतोडीला जाणार आहे, आणि हे नाव आमच्यातलं नाही. टॅबलेट आले असतील तर ते कुणाच्या पैशातून आले, किती चालतात, मुलांची माहिती कुणाकडे जाते आणि करार कधी संपतो, हे विचारून ठराव करा. ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून सही-शिक्क्यासह घ्या, दुसरी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा आणि पोच जपून ठेवा.