उल्लेखांचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे सालमियाला राहायला आला होता. अर्थशास्त्रात संशोधन करतो. बाहेर पन्नास अंशांचा भाजणारा उन्हाळा, त्यामुळे साहेब दिवसभर एसीत लॅपटॉप उघडून! म्हटलं, "अरे, एवढं काय बघतोस?" तर म्हणाला, "मामा, माझा एच-इंडेक्स फक्त तीन आहे. नोकरीच्या अर्जात लिहावा लागतो."

ही काय भानगड, म्हणून मीही वाचलं. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ही मोजपट्टी सुचवली. आपल्या तीन लेखांचा प्रत्येकी निदान तीन वेळा इतरांनी उल्लेख केला, की इंडेक्स तीन. कुणाबरोबर किती लेख लिहिले, तेही मोजतात. अशा उल्लेखांची सूची विज्ञानासाठी युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली काढली. सामाजिक शास्त्रांची पाळी आली १९७३ साली.

पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि ओडिशाहून आलेले नीलकंठ रथ यांनी 'पॉव्हर्टी इन इंडिया' लिहिलं ते त्याआधी, जानेवारी १९७१ मध्ये. रोज माणशी २,२५० कॅलरी मिळतील एवढाही खर्च किती जणांना झेपत नाही, हे दोघांनी मिळून मांडलं. १९६०-६१ साली खेड्यांत सुमारे ४० टक्के, शहरांत सुमारे ५० टक्के! पुढे १९८१ च्या सुमारास डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी कॅलरींच्या या मोजमापावरच हरकत घेतली. मोठा वाद झाला. गंमत अशी, की सूचीत बाजूचा उल्लेख आणि विरोधातला उल्लेख, दोन्हींची किंमत एकच.

आणि काही उल्लेख तर सूचीत येतच नाहीत. आमच्या गावी पिवळं रेशनकार्ड होतं. "आम्ही दारिद्र्यरेषेखालचे," असं आई दुकानदाराला ठणकावून सांगायची. दांडेकर-रथ ही नावं तिने कधी ऐकली नव्हती. दांडेकरांच्याच समितीने १९८४ साली महाराष्ट्राच्या विभागांचा अनुशेष मोजला, सुमारे ३,१८६ कोटी रुपये. आज विदर्भ-मराठवाड्यातला कुणीही 'अनुशेष' म्हणतो, तळटीप न देता!

भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मामा, पण मोजपट्टीच नसेल तर वशिलाच चालेल ना?" तेही खरंच. मी गप्प बसलो.

मग म्हणाला, दुष्काळी गावांची एक पाहणी त्याने अर्धवट सोडली होती. दोन वर्षं लागतील, लेख एकच निघेल, म्हणून. जाताना विमानतळावर मी विचारलं, "त्या पाहणीचं काय?"

"सप्टेंबरात परत जातोय गावांत," म्हणाला. "इंडेक्स राहील तीनच."

परवा त्याचा फोन आला. तीस घरं झाली, नव्वद राहिलीत.