बंधाऱ्याखालील पांखरें

चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधीजवळून वाहणारी पवना दापोडीस मुळेला मिळते, मुळा पुण्याच्या संगमावर मुठेला भेटते, आणि ती जोडनदी येरवड्याच्या बंधाऱ्यावरून खालीं उतरते. तेथें डाव्या तीरास जो दलदलीचा पट्टा आहे, त्यास पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचें नांव दिलेलें आहे. पिंपरीच्या वाचकानें तो अवश्य पाहावा. त्याच्या दारचेंच पाणी त्याला तेथें भेटेल.

बंधारा १८५० सालचा. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या उदार देणगीनें तो उभा राहिला, आणि हेतु होता माणसांना पाणी पुरविण्याचा; पांखरांचा विचार कोणाच्याहि मनांत नसावा. त्याआधींच कर्नल साइक्स या सरकारी अधिकाऱ्यानें हा प्रांत हिंडून १८३२ त दख्खनच्या दोनशेंहून अधिक पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली होती. पुढें त्यानें येथील माशांवरहि लिहिलें. आज ती माशांची यादी वाचतांना मन खिन्न होतें, कारण तींतील कित्येक जाती पुण्याजवळच्या नदींत आतां सांपडत नाहींत. १९५४ त पिंपरीस औषधांचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ त औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि वस्ती व कारखाने वाढले तसें नदींत सांडपाणीहि वाढलें.

मग पांखरें कां येतात? आम्ही हिंवाळ्यांत गेलों तेव्हां शेकाटे आपल्या लांब तांबड्या पायांवर उथळ पाण्यांत सर्वत्र उभे होते. पाणकावळे पंख वाळवीत बसले होते, आणि संस्कृत कवींचा विरही चक्रवाक हिमालयापलीकडून येऊन गाळाच्या बेटावर खुशाल चरत होता! पाहणारा हर्षतो व नदी निरोगी आहे असें समजतो. येथेंच गफलत होते. शेकाट्याला चिखलांतील किडे हवेत, आणि मैलापाण्याच्या गाळांत ते अलोट असतात. माशाला मात्र पाण्यांतच श्वास घ्यावा लागतो. त्याला उडून जातां येत नाहीं. नदीची प्रकृति विचारावयाची ती माशाला. पण त्याला पाहावयास दुर्बीण घेऊन कोण येतो?

येथून हें पाणी रांजणगांव सांडसाशीं भीमेस मिळतें, आणि भीमा तें उजनीच्या जलाशयांत नेते. तेथें भिगवणच्या उथळांत हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात, आणि कोळ्यांच्या होड्याहि त्याच पाण्यावर जाळीं टाकीत असतात.