सॅमन माशाचे आमिष आणि गळ : एका जुन्या विद्येचा इतिहास

मत्स्यव्यवसाय हा मानवाच्या आद्य उद्योगांपैकी एक होय. जाळे विणण्याची कला जितकी पुरातन, तितकीच गळ टाकण्याची कलाही पुरातन आहे. जाळ्याने मासा अडविला जातो, गळाने तो बोलाविला जातो. यास्तव गळ टाकणाऱ्यास माशाचा स्वभाव, त्याची भूक, त्याचा ऋतू आणि त्याचे पाणी यांचे ज्ञान बारकाईने संपादन करावे लागते. ज्या माशाने गळ टाकणाऱ्यांस अनेक शतके विचार करावयास लावले आणि ज्याच्यावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले, असा मासा म्हणजे सॅमन. त्याच्याकरिता योजलेली आमिषे व गळसामग्री यांचा वृत्तांत दर्यावर जगणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांस उद्बोधक वाटेल, अशा समजुतीने तो येथे संक्षेपाने देत आहे.

आरंभीच एका नामसाम्याचा उलगडा करणे अवश्य आहे. मुंबईच्या बाजारात आपल्या रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात. वस्तुतः या दोहोंचे कूळ एक नव्हे. रावस हा उष्ण समुद्रातील मासा असून छातीच्या पराखाली लोंबणाऱ्या चार सुट्या तंतूंवरून तो ओळखता येतो. खरा सॅमन हा थंड पाण्याचा रहिवासी. अटलांटिक महासागरात त्याची एक जात आहे, तर पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्यावर पाच जाती आढळतात. आपल्या समुद्रात यांपैकी एकही नाही.

सॅमनचे जीवनवृत्त मोठे विलक्षण आहे. थंड नदीच्या गोट्यांत तो अंड्यातून बाहेर येतो. अटलांटिक सॅमन काही वर्षे नदीत काढून समुद्रास मिळतो, ग्रीनलंडपर्यंत प्रवास करतो, तेथे पुष्ट होतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा जन्मनदीकडे परततो. गोड्या पाण्यात शिरल्यावर मात्र तो अन्न घेणे सोडून देतो. समुद्रात साठविलेल्या चरबीवर तो महिनोन्‌महिने काढतो. आता ज्याने उपवास आरंभिला आहे, त्यास आमिष कोणते दाखवावे? तरीही तो कधीकधी गळ धरतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. जुन्या सवयीने, रागाने की कुतूहलाने, याविषयी जाणत्यांत आजही मतभेद आहेत. सॅमनच्या आमिषांचा सारा इतिहास म्हणजे या एका कोड्याची निरनिराळी उत्तरे होत.

इंग्लंडमध्ये या विषयावरील पहिला छापील ग्रंथ १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने प्रसिद्ध केला. तो ज्युलियाना बर्नर्स नामक एका मठवासिनीने लिहिला, अशी परंपरा आहे. त्या काळी गळ विकत आणावयाचा नसून घरी घडवावयाचा असे. सुई निखाऱ्यात लाल करावी, सुरीने तिचा उलटा काटा उचलावा, टोकास धार द्यावी, पुन्हा तापवून वाकवावी आणि शेवटी पाणी द्यावे, अशी कृती ग्रंथात आहे. मोठ्या माशासाठी जोडे शिवण्याच्या दणकट सुया सांगितल्या आहेत. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची. चिमुकल्या माशास एक केस पुरे, मोठ्या ट्राउटास बारा, आणि सॅमनास पंधरा केसांची पीळदार दोरी! आमिष म्हणून गांडूळ सांगितले असून मासा उसळी घेत असेल तेव्हा पिसांची कृत्रिम माशी टाकावी, असाही उपदेश आहे. आज सव्वापाचशे वर्षांनंतरही सॅमनच्या गळाचे हे दोन मार्ग, म्हणजे खरे आमिष आणि बनावट माशी, कायम आहेत.

पुढे १६५३ साली आयझॅक वॉल्टनचा सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्याने सॅमनला गोड्या पाण्यातील माशांचा राजा म्हटले आणि काठीवर बसविलेल्या चाकाचाही उल्लेख केला. हे चाक, म्हणजे आजचे रीळ, सॅमनच्या शिकारीत फार मोलाचे ठरले. बलाढ्य मासा गळाला लागताच नदीभर धावत सुटतो. दोरी काठीच्या टोकाला घट्ट बांधलेली असेल तर काठी मोडते अथवा दोरी तुटते. चाकामुळे दोरी सोडता व आवरता येऊ लागली. घोड्याच्या केसांची जागा पुढे रेशीमकिड्याच्या तातीने घेतली. स्पेनमधील मुर्सिया प्रांतात किडे व्हिनेगरमध्ये भिजवून त्यांच्या रेशीमग्रंथी ओढून ही तात काढीत. इंग्लंडमधील रेडिच हे सुया करणारे गाव गळांचेही मोठे आगर बनले. विसाव्या शतकात नायलॉन आले आणि तातीचा धंदा बसला.

एकोणिसाव्या शतकात सॅमनच्या माशीस वैभवाचे दिवस आले. ब्रिटिश साम्राज्याच्या बंदरांतून जगभरची पिसे येऊ लागली व श्रीमंत हौशी लोकांत भपकेदार माशा बांधण्याची अहमहमिका लागली. शतकाच्या मध्यास प्रसिद्धीस आलेल्या 'जॉक स्कॉट' या एकाच माशीत सोनेरी फेझंट, टूकान, मकाव, गिनी कोंबडी इत्यादी अनेक पक्ष्यांची पिसे लागतात. १८९५ साली जॉर्ज केल्सनने अशा माशांचा मोठा ग्रंथच लिहिला. या शृंगारात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे, हे अनेकांस ठाऊक नसेल. आपल्या रानांतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांवर मेणासारखे चकचकीत, पिवळसर पांढरे ठिपके असतात. तेच माशीच्या दोन्ही अंगांस डोळ्याप्रमाणे बसवीत. याउलट गळवाले ज्यास 'इंडियन क्रो' म्हणतात, तो पक्षी मुळी हिंदुस्थानचा नव्हेच, तो दक्षिण अमेरिकेचा! हिंदुस्थान सरकारने १९०२ साली पिसांच्या निर्यातीस बंदी केली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा पक्ष्यांस अधिक व्यापक संरक्षण दिले. तरीही हा नाद सुटला नाही. २००९ साली इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीस गेली, ती याच माशांच्या हौसेपायी.

एवढ्या भपक्याने सॅमन अधिक भुलला काय? अनुभवाने उत्तर निराळे दिले. स्कॉटलंडच्या डी नदीवर कॅर्नटन येथे आर्थर वुड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थोड्या व साध्या माशा वापरून दाखवून दिले की, रंगाहून आकार आणि खोली यांस महत्त्व अधिक आहे. पाणी थंड असेल तर मासा सुस्त असतो. मोठी, जड माशी खोल पाण्यात त्याच्या तोंडासमोरून हळूहळू न्यावी लागते. पाणी सुमारे दहा अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो वर उठतो. तेव्हा चरबी लावून तरंगत ठेवलेल्या दोरीवर लहानशी हलकी माशी पृष्ठभागाजवळून फिरवावी. पुराचे गढूळ पाणी ओसरत असता ठळक रंगाचे आमिष अथवा शिशाच्या गोळीसह तळावर घरंगळणारे गांडूळ चालते. निवळशंख उथळ पाण्यात तेच आमिष माशास बिचकविते. उकडून रंगविलेल्या कोळंबीने तर कधी सॅमन तुटून पडतो, तर कधी साऱ्या डोहातील मासे पळून जातात.

या संदर्भात १९२२ सालची एक घटना सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी ७ ऑक्टोबर रोजी स्कॉटलंडच्या टे नदीवर जॉर्जिना बॅलन्टाइन या तरुणीने ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा, सॅमन पकडला. काठी व दोरीने पकडलेल्या सॅमनचा तो ब्रिटनमधील विक्रम आजही अबाधित आहे. ती एका नावाड्याची कन्या. वल्ही वडिलांच्या हाती होती आणि झुंज दोन तासांहून अधिक चालली. गळाला लाविली होती ती लक्ष रुपयांची पिसे नव्हेत, तर डेस नावाचा लहानसा मासा, पाण्यात गिरक्या घेणारा. असे आमिष लाविताना मध्ये फिरती कडी घालतात, म्हणजे दोरीस पीळ बसत नाही.

समुद्रात प्रकार निराळा, कारण तेथे सॅमन भुकेला असतो. पॅसिफिक किनाऱ्यावरील आदिवासी मच्छीमार लाकूड व हाड यांचे गळ आणि लांबलचक समुद्रवनस्पतीच्या देठांच्या दोऱ्या वापरीत. हंगामातील पहिल्या सॅमनचा ते पाहुण्याप्रमाणे सत्कार करीत व त्याची हाडे विधिपूर्वक पाण्यास परत देत. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करणाऱ्या आपल्या लोकांस ही भावना परकी वाटणार नाही. आजही तेथे तारलीशी नाते सांगणारा हेरिंग मासा हे प्रमुख आमिष आहे. डोके तिरपे कापून तो गळावर चढवितात, म्हणजे होडीमागे ओढताना जखमी माशाप्रमाणे गिरकतो. मात्र सॉकाय जातीचा सॅमन बहुतांशी सूक्ष्म जीवांवर जगतो, म्हणून त्यास हेरिंगचा मोह फारसा पडत नाही. माशाचे पोट पाहून आमिष ठरवावे, हा नियम येथे स्पष्ट दिसतो.

इतके ज्ञान जमले, इतकी सामग्री सुधारली, आणि मासा मात्र कमी होत गेला. नद्यांवरील बांध, मत्स्यशेतीतून पसरणाऱ्या उवा, तापत चाललेले पाणी, अशी त्याची अनेक कारणे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ग्रेट ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनची गणना संकटग्रस्तांत केली. स्कॉटलंडमध्ये २०१५ पासून १ एप्रिलपूर्वी पकडलेला सॅमन परत सोडणे बंधनकारक झाले. त्यामुळे आमिषाची निवड करण्याची कसोटीच पालटली. गांडूळ मासा खोल गिळतो व सोडविताना मरतो. माशी बहुधा ओठाशीच अडकते. म्हणून अनेक नद्यांवर गांडूळ व कोळंबी वर्ज्य झाली. ब्रिटिश कोलंबियात तर सॅमनसाठी उलटा काटा नसलेलाच गळ वापरावा लागतो. १४९६ च्या ग्रंथाने जो काटा सुरीने उचलावयास शिकविले, तो आज पक्कडीने दाबून टाकावा लागत आहे.

या इतिहासापासून आपण काय घ्यावे? सॅमनची विद्या टिकली ती लिहून ठेवल्यामुळे. तथापि ग्रंथकारांची नावे राहिली आणि ज्या नावाड्यांनी डोह न्‌ डोह ओळखून त्यांस मासा दाखविला, त्यांची नावे बहुधा लोपली. आपल्याही घराघरांत कोणत्या भरतीस, कोणत्या वाऱ्यास, कोणत्या माशाला कोणते आमिष, हे जाणणारी वडीलधारी माणसे आहेत. त्यांची विद्या कोणत्याही ग्रंथात नाही. तरुण मंडळींनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, माशांची, गळांची, वाऱ्यांची नावे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावी, आणि कोणता मासा पूर्वी मिळे व आता मिळत नाही, हेही नोंदवावे. मासा सोडून देण्याची वेळ कधी येते, हे ज्यास वेळीच समजते, त्याच्याच नातवाला गळ टाकावयास मासा उरतो.